येळवशीची पहिली पंगत

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, उमरग्याजवळच्या शेतात सगळं घर जेवायला जमलं होतं. जगभरच्या जेवणाचे व्हिडिओ करणारी एक गोरी बाईही पाहुणी आली होती. आबारावांनी तिला पुरुषांच्या पहिल्या पंगतीत, मानानं आपल्या शेजारी बसवलं आणि “पावणीला भज्जी वाढ” म्हणून सुनेला चारदा हाक मारली.

पहाटेपासून रांधून सूनबाई अयोध्येच्या पोटात कावळे ओरडत होते. पाचव्या हाकेला तिनं शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचं भगुलं आदळलं, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि पाहुणीला खेटून बसली.

“ऊठ!” आबाराव कडाडले. “आपल्यात बायका गड्यांच्या मागनं जेवत्यात. इसरलीस का?”



“मामा, मग हिला काय मिशा हायत?”