पेजेची वाटी

लंकाबाईंचं पोट सारखं दुखायला लागलं, तसं त्यांनी साऱ्या निरगुडसर गावात सांगून टाकलं, "सून माझ्या जेवणात कायतरी कालवती." तेव्हापासून दोन वर्षं पावण्यांदेखत त्यांच्या ताटातला पहिला घास वैजयंतीनं खायचा, मगच सासूनं जेवायचं.

शेवटी मंचरला ऑपरेशन करून पित्ताशयातले खडे काढले. "आतड्यातल्या जंतूंचा तोल बिघडला, की असले खडे धरायला हातभार लागतो," डॉक्टर म्हणाले. "कुणी काही कालवून होत नाहीत."

दोन दिवसांच्या उपाशी लंकाबाईंनी पेजेच्या वाटीला हात घातला. भेटायला आलेल्या गावच्या बाया खाटेभोवती बसल्या होत्या.



"थांबा आत्या, आधी मी चाखते," वैजयंती म्हणाली, आणि चमच्याचमच्यानं वाटीच्या तळापर्यंत चाखत राहिली.