मिनिटाची चाचणी

शाळेला अकरा दिवस सुट्टी. खोलीत खाटा दोन, माणसं तीन: परदेशात विनावेतन शिकवणाऱ्या बाई, भेटीला आलेली त्यांची आठ वर्षांची लेक आणि तिकडे तिला सांभाळणारी नणंद. दर रविवारी फोनवर वाचायची तीच गोष्ट लेक आईच्या मांडीवर घडाघडा वाचत होती. पान उलटण्याआधीच तिने पुढच्या पानावरचं वाक्य म्हटलं. बाईंनी पुस्तक मिटलं. लेक थांबलीच नाही. “पाठ करून घेतलंय मी,” नणंद म्हणाली. “वाचता कुठे येतंय तिला? तुझा जीव टांगणीला नको म्हटलं, वहिनी.” “तिच्या शाळेत काय म्हणतात?” “आईला पाठवा म्हणतात.” बाईंनी नवा उतारा लिहिला आणि वर्गात वाचन तपासताना लावतात तसं मिनिटाचं घड्याळ लावलं. “आई, माझीच गोष्ट म्हणू?” “नाही.” लेक अक्षरांवर बोट ठेवून अडखळली, रडली. बाईंनी मिनिट पुरं होऊ दिलं. अचूक वाचलेले शब्द: चार.