ऑफसाइड कळणाऱ्या वहिनी

सत्त्याण्णव साली सिंगापुरात केबलचे दर पुन्हा वाढले. हेमचंद्रने कनेक्शन तोडलं आणि शनिवारचा फुटबॉल बघायला तो शेजारी, गुरुप्रसादच्या फ्लॅटवर जाऊ लागला.

"पण गुरुप्रसाद तर सध्या बोटीवर आहे ना?" बायकोने, कुमुदने, विचारलं.

"हो, पण सुचित्रावहिनी एकही मॅच चुकवत नाहीत. त्यांना ऑफसाइडसुद्धा कळतं. तुला नाही कळायचं."

कुमुदने दुसऱ्याच दिवशी भिशीच्या पैशांतून, वाढीव दराने, केबल घेतली.

शनिवारी बेल वाजली. दारात सुचित्रा.

"बरं झालं कुमुदताई, तुम्ही घेतलीत. मी आमची लगेच बंद केली. एकेका घराला परवडत नाही हो आता."

हेमचंद्र सोफ्यावर आधीच सरकून बसला होता.