शिंगं आणि शेपट्या

“होमलेस म्हणजे ज्याचं घर लहान असतं तो,” धाकटीने ठासून सांगितलं. “लेस म्हणजे कमी ना, सर?”

बालगृहाच्या वर्गात कुणी हसलं नाही. मास्तरही हसले नाहीत. चूक खुळी नव्हती. परकी भाषा शिकणारं पोर हाताला लागेल त्या तुकड्याने शब्द उघडून बघतं.

“शेपटीला ‘लेस’ आलं की नसणं,” ते म्हणाले. “ज्याला घरच नाही तो.”

“म्हणजे आपण,” मागून आवाज आला. आता मात्र सगळे हसले.

इंग्रजी शब्दाला पुढे शिंगं असतात आणि मागे शेपटी, असं मास्तर शिकवत. मग पोरं शिंगं शोधत सुटायची. अंकलच्या कपाळावर त्यांना ‘अन’ दिसे. म्हणजे जो ‘कल’ नाही तो. कॉर्नर म्हणजे कॉर्न करणारा माणूस. “प्रत्येक टोक शिंग नसतं रे,” मास्तर न कंटाळता सांगत.

“थोरले, तू सांग. अनकाइंड?”

धाकटीची बहीण उठली. तिच्याहून वर्षाने मोठी, अंगाने किडकिडीत.

“खूप दयाळू.”

मास्तरांनी सुस्कारा सोडला. वर्षभर हेच चाललं होतं. पोरगी सगळं वहीत नीट उतरवून घ्यायची, मान डोलवायची आणि विचारलं की भलतंच सांगायची.

शुक्रवारी परीक्षा होती. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. पंचवीस बरोबर आले की दूरच्या शहरातली निवासी शाळा. कमी आले की तळघरातला शिवणवर्ग, आणि मग जन्मभर तेच मशीन. पुढच्या वर्षापासून ती शाळा इथली मुलं घेणार नव्हती.

गुरुवारी थोरली फळा पुसायला मागे थांबली.

“सर, धाकटी पास होईल?”

मास्तर मुलांशी खोटं बोलत नसत. “कठीण आहे, बाळ.”

“थोडीसुद्धा आशा नाही?”

“तू आधी स्वतःचं बघ. तुझं गाडं तर तिच्याही मागे आहे.”

“हो,” ती म्हणाली आणि डस्टर झटकायला खिडकीशी गेली.

शनिवारी मास्तर पेपर तपासायला बसले. थोरलीचा पेपर आधी हाती आला. पहिल्या पानावर एकही उत्तर बरोबर नव्हतं. पुढे त्यांना बघवेना. गुण न मांडताच त्यांनी वर ‘नापास’ लिहिलं आणि पेपर गठ्ठ्याखाली सारला.

धाकटीला बावीस होते.

तीस वर्षांत त्यांनी कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता. त्या दुपारी त्यांनी खोडरबर घेतलं आणि धाकटीच्या तीन खुणा हलवल्या. दोघींपैकी एक तरी इथून सुटू दे. पास झालेल्यांची यादी त्यांनी त्याच दिवशी शाळेला पाठवली.

सोमवारी सकाळी बस आली. धाकटी बहिणीच्या कमरेला अशी बिलगली की दोन मावश्यांना तिला सोडवावं लागलं.

थोरली रडली नाही. मास्तरांच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “सर, तिला नापास करा ना. ती चुकून पास झालीय. तिला नाही येत एवढं.”

मास्तरांना वाईट वाटलं. धाकट्या बहिणीचं भलं झालेलंही हिला बघवत नाही.

“असं बोलू नये,” ते म्हणाले. “आनंदाने पाठव तिला.”

बस फाटकाबाहेर वळली. थोरली थोडा वेळ उभी राहिली आणि शिवणवर्गाच्या पायऱ्या उतरून गेली.

दुपारी अधीक्षिका बाई गुणांची नोंद करायला बसल्या. थोरलीच्या पेपरवर आकडा नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच उत्तरं ताडून पाहिली. मग पुन्हा एकदा पाहिली.

“मास्तर, हिला शून्य आहे.”

“काहीच येत नव्हतं हो बिचारीला. मीच कमी पडलो.”

“काहीच न येणारं पोर डोळे मिटून खुणा करतं, तरी आठ-दहा लागतातच.” बाईंनी पेपर त्यांच्यापुढे सरकवला. “एकही लागू द्यायचं नसेल, तर चाळीसच्या चाळीस उत्तरं यावी लागतात.”