फळीखालचं ओगराळं

डोंगराकडच्या किहाचीला मेव्हण्याच्या होडीत एक लाकडी ओगराळं सापडलं. त्याला बूडच नव्हतं.

"दादा, हे कशाला ठेवलंय?"

"भुतांसाठी," गेन्झो वल्हं मारत म्हणाला. "बुडून मेलेले धुक्यात येतात, ओगराळं मागतात आणि त्यानेच पाणी भरून होडी बुडवतात. म्हणून त्यांना हे द्यायचं. बसतात नुसतेच भरत."

"आणि त्यांना कळत नाही? इतकी कशी खुळी?"

"मेल्यावर तुम्हीच विचारून घ्या, दाजी."

"मग आपल्याच होडीत पाणी शिरलं तर?"

"चांगलं ओगराळं फळीखाली दडवलंय. ते मला ठाऊक, आपल्या धाकट्या सोकिचीला ठाऊक, आणि आता तुम्हाला."

दुपारी धुकं उतरलं. होडीच्या कडेला पाण्यातून एक हात वर आला. "ओगराळं द्या."

गेन्झोने झटकन बूड नसलेलं पुढे केलं. हाताने ते घेतलं, चाचपलं आणि परत होडीत ठेवलं.

"हे नको, दादा. फळीखालचं दे."

किहाचीने गेन्झोकडे पाहिलं.

"ते नाही मिळायचं, सोकिची," गेन्झो हळूच म्हणाला आणि वल्हं मारायला लागला.

घरी गेन्झोच्या आईने रोजच्यासारखा, गेल्या वर्षी समुद्रावरून न परतलेल्या धाकट्याचाही भात वाढून ठेवला होता. गेन्झोने वाडग्याशेजारच्या जेवायच्या काड्या उचलल्या आणि मेलेल्यांच्या भातात खोवतात तशा त्या भातात उभ्या खोवल्या.