पाकिटावरचा चेहरा

मृणालने स्वतः घडवलेले सिगारेटचे नवे पाकीट कंपनीच्या संचालक खासनिसांच्या हाती न देता पहिल्या रांगेतल्या त्यांच्या मुलीच्या, ऋजुताच्या, तळहातावर ठेवले. उद्घाटनाच्या टाळ्या अजून विरल्या नव्हत्या. कोऱ्या पुठ्ठ्याने ऋजुताच्या डोळ्यांतल्या बाहुल्या वाचल्या आणि गढूळ पाणी निवळावे तसा त्यावर एक चेहरा उमटला.

“अय्या, बाबा, तुम्ही!”

व्यासपीठावर खासनीस हसले. पाहणाऱ्याचा ज्या माणसावर सर्वाधिक विश्वास, त्याचाच चेहरा दाखवायचा, ही तरुण गिऱ्हाइकांसाठी त्यांनीच सुचवलेली युक्ती होती. मग ऋजुताने आयुष्यात प्रथमच एक सिगारेट ओठांत धरली आणि त्यांचे हसू मावळले.

“टाक ती! विष आहे ते.”

“काहीतरीच! मग पाकिटावरचे तुम्ही इतक्या मायेने का बघताय?”

खासनीस मृणालवर ओरडले, “घारपुरे, ते चित्र पुसा. आत्ता!”

“ते पुसता येत नाही, सर. तशीच तुमची अट होती,” ती शांतपणे म्हणाली. “चाचणीसाठी माझ्या भावालाही हेच पाकीट दिलं होतंत. सिगारेटींनी तो मरेपर्यंत त्याला त्यावर मी दिसत होते.”

आणि तिने ऋजुतापुढे लायटर पेटवून धरला.