निरोपाचा केक

शाल्मलीने ऑफिसात सगळ्यांसमोर खोका उघडला. तिच्या स्टार्टअपच्या वाढदिवसाला मागवलेल्या केकवर बेकरीवाल्याने सवयीने लिहिलं होतं, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’.

ही सवय त्याला तिनेच लावली होती. पूर्वी ती सगळ्यांसमोर एकेकाला फैलावर घ्यायची. दर महिन्याला कुणीतरी राजीनामा द्यायचं आणि निरोपाचा केक यायचा. यंदा मात्र तिने स्वतःला आवरलं होतं. काम चुकलं, की ती आधी विचारायची, “कुठे अडलं?”

“कोण चाललंय?” कुणीतरी दबकत विचारलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. जाणारं कुणी नव्हतंच.

सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेला देवदत्त उठला आणि तिच्या हातात सुरी देत म्हणाला, “कापा मॅडम. तुमचा राग कंपनी सोडून गेलाय, त्यालाच शुभेच्छा देऊ!”